राजगृहाची वास्तु : दर्शन आणि वाचन

जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणाचा, कोणत्या सालचा, अस्सल कीं नक्कल, हे प्रश्न आपण आधीं विचारतों. त्यांचीं उत्तरें मिळाल्यावांचून त्यांतील मजकुरावर एक ओळही लिहीत नाहीं. ताम्रपटास हा नेम लागू आहे, नाण्यास लागू आहे, मोडक्या वीरगळासही लागू आहे. परंतु थोर पुरुषाचें घर पाहावयास गेलों कीं हा सगळा नेम आपण पादत्राणांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवतों. आंत भिंतीवर तसबीर असते, कपाटांत चष्मा व लेखणी असते, कोपऱ्यांत पलंग असतो. आपण हात जोडतों आणि बाहेर येतों. पलंग त्याच खोलींतला कीं दुसरीकडून आणलेला, खोली त्याच आकाराची कीं मागाहून भिंत पाडून वाढविलेली, हें विचारणें अशिष्टपणाचें वाटतें. घर हेंही एक ऐतिहासिक साधन आहे, आणि तें बहुधा त्या पुरुषाच्या पत्रांपेक्षांही कमी खोटें बोलतें, हा विचार आपल्याकडे अद्याप रुजलेला नाहीं.

महाराष्ट्रांत अशीं घरें थोडीं नाहींत. पुण्यास गंज पेठेंतील महात्मा फुले यांचा वाडा आहे. नारायण पेठेंत केसरीवाडा आहे. मुंबईस गांवदेवींत मणिभवन आहे, जेथें १९१७ पासून १९३४ पर्यंत महात्मा गांधी मुंबईंत आले म्हणजे उतरत असत. यांपैकीं प्रत्येकावर स्वतंत्र लिहितां येईल. प्रस्तुत लेखांत मुंबईच्या दादर उपनगरांतील हिंदु कॉलनीमधील ‘राजगृह’ या एकाच वास्तूचा विचार केला आहे. कारण सांगण्यासारखें आहे. फुले यांचा वाडा हें राहतें घर होतें, त्यास पुढें इतिहासानें महत्त्व दिलें. मणिभवन हें तर यजमानाचें घर, गांधीजी तेथें पाहुणे. राजगृह हें मात्र बांधणाऱ्यानें हेतु ठरवून बांधलेलें घर आहे, आणि तो हेतु राहण्याचा जितका होता तितकाच, किंबहुना अधिक, ग्रंथ ठेवण्याचा होता. ज्या वास्तूचा हेतु इतका स्पष्ट आहे तिच्या दर्शनाची परीक्षा करण्यास कसोटीही तीच वास्तु पुरविते.

प्रथम जागेविषयीं. इ. स. १८९६ च्या प्लेगानें मुंबईच्या दाट वस्तीचा जो संहार केला, त्यांतून १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. या ट्रस्टनें दोन निरनिराळ्या प्रकारचीं कामें केलीं. एक म्हणजे श्रमजीवी लोकांसाठीं खोल्याखोल्यांच्या चाळी उठविल्या. दुसरें म्हणजे दादर, माटुंगा, शीव या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते आखून, बागा सोडून, मध्यम वर्गासाठीं प्लॉट पाडले. डॉ. आंबेडकर परळ येथें ज्या चाळींतील दोन खोल्यांत कुटुंबासह अनेक वर्षें राहिले ती चाळ याच ट्रस्टची, आणि पुढें ज्या हिंदु कॉलनींत त्यांनीं घर बांधिलें तिची आखणीही याच ट्रस्टची. चरित्रकार परळची चाळ एका प्रकरणांत टाकतात व राजगृह दुसऱ्या, त्यामुळें हा दुवा नजरेंतून सुटतो. एकाच संस्थेच्या दोन योजनांमधलें हें अंतर रेल्वेनें मोजल्यास अगदीं थोडें आहे; तें ओलांडण्यास ज्या माणसाला बॅरिस्टर व्हावें लागलें, दोन परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवाव्या लागल्या, त्याच्या दृष्टीनें तें किती मोठें होतें हें राजगृह पाहणाऱ्यास कळावयास हवें. दालनांत नगररचनेचा एक साधा नकाशा टांगला, त्यांत चाळ व कॉलनी दोन्ही दाखविल्या, तरी एवढें काम साधेल.

दादरला त्यांनीं १९३० च्या सुमारास दोन प्लॉट घेतले. एकावर राहण्यासाठीं राजगृह व दुसऱ्यावर भाड्यानें देण्यासाठीं ‘चार मिनार’ अशा दोन इमारती कर्ज काढून उठविल्या, आणि १९३३ मध्यें राजगृह पुरें झालें. वरच्या भागांत ग्रंथसंग्रह व अभ्यासिका आणि खालीं संसार, अशी त्याची साधारण वांटणी होती. पुढें १९४१ मध्यें ‘चार मिनार’ विकली गेली. कर्जाची फेड व पुस्तकांची खरेदी ही त्या विक्रीचीं कारणें म्हणून सांगितलीं जातात. भाडें देणारी इमारत विकावी आणि भाडें न देणारें पुस्तकांचें घर राखावें, हा व्यवहार कोणाही सावकाराच्या वहींत वेडेपणाच्या सदरीं पडेल. माझ्या मतें डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथप्रेमाविषयीं लिहिलेल्या सर्व गौरवपर परिच्छेदांपेक्षां या एका विक्रीची किंमत अधिक आहे, कारण ती कृति आहे. परंतु ज्या इमारतीच्या विक्रीमुळें ही इमारत राहिली तिचें नांवही राजगृहास येणाऱ्या दहांतील नऊ जणांस ठाऊक नसतें.

आतां नांवाविषयीं. ‘राजगृह’ म्हणजे राजाचें घर असा षष्ठी तत्पुरुष सोडवून पुष्कळ लोक समाधान मानतात, आणि घरमालकाच्या थोरवीस तो शोभूनही दिसतो. पण येथें हा सामासिक शब्द नसून विशेषनाम आहे. मगधाची प्राचीन राजधानी, पालींत राजगह, महाभारताच्या सभापर्वांत जरासंधाचें गिरिव्रज म्हणून वर्णिलेली, बिंबिसार व अजातशत्रु यांची नगरी, ती ही. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर पहिली संगीति याच नगराजवळच्या सप्तपर्णी गुहेंत भरली. उपालीनें विनय व आनंदानें धम्म सांगितला आणि भिक्षूंनीं तो एकत्र म्हणून निश्चित केला, अशी परंपरा आहे. ग्रंथांच्या घराला ग्रंथपाठ निश्चित झालेल्या नगराचें नांव देणें यांत जें औचित्य आहे तें बहुश्रुत माणसासच सुचावें. मात्र येथें इतिहासलेखकानें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १९३३ मध्यें घरास हें नांव दिलें, १९३५ च्या ऑक्टोबरांत येवल्यास हिंदु म्हणून मरणार नाहीं ही घोषणा झाली, १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपुरास धर्मांतर झालें. या तीन गोष्टी एका ओळींत मांडून पहिलींतच तिसरी गर्भित होती असें म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. नांवावरून एवढेंच सिद्ध होतें कीं बौद्ध इतिहासाचा त्यांचा परिचय त्या वेळीं जुना होता. तसा तो होताच. मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं आपलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें होतें हें प्रसिद्ध आहे. त्यापुढचें अनुमान करावयाचें तर इतर पुरावा हवा. आणि ‘हिंदु’ कॉलनींत ‘राजगृह’ हा जो योगायोग आहे त्यावर विनोद पुष्कळ करतां येतील, परंतु कॉलनीचें नांव ट्रस्टच्या वसाहतीचें आहे, त्यांनीं निवडलेलें नाहीं. त्यांनीं निवडलें तें घराचें.

हें घर बांधण्याच्या आधींचें एक प्रकरण त्याच्या जन्मकथेंत आलें पाहिजे. कोलंबिया विद्यापीठांत असतां डॉ. आंबेडकरांनीं न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारांत पुस्तकें जमविलीं. १९१७ मध्यें लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परततांना त्यांचें सामान दुसऱ्या बोटीनें निघालें होतें, ती बोट युद्धांत टॉर्पेडोनें बुडाली व त्याबरोबर पुस्तकेंही गेलीं. त्यानंतर परळच्या दोन खोल्या, त्यांत कुटुंब, त्यांत अभ्यास. पुस्तक ठेवण्यास जागा नसणें आणि पुस्तक समुद्रांत जाणें हे दोन्ही अनुभव ज्यास आले, त्यानें उसंत मिळतांच पहिली गोष्ट कोणती केली, तर पुस्तकांस छप्पर केलें.

येथें संख्येचा प्रश्न उपस्थित होतो. राजगृहांत पन्नास हजार ग्रंथ होते असें सर्वत्र लिहिलें जातें, आणि त्यापुढें ‘जगांतील सर्वांत मोठें खासगी ग्रंथालय’ अशी पदवीही जोडली जाते. दुसरीकडे जॉन गंथर या अमेरिकन पत्रकाराचा हवाला देऊन १९३८ चा आकडा आठ हजार सांगितला जातो, आणि अखेरचा पस्तीस हजार. आठ, पस्तीस व पन्नास हे आंकडे एकाच संग्रहाच्या निरनिराळ्या काळच्या अवस्था असूं शकतात; कदाचित् त्यांत महाविद्यालयांसाठीं घेतलेले ग्रंथही मिसळलेले असतील. पण जोपर्यंत आंकड्याबरोबर साल व जागा सांगितली जात नाहीं, तोपर्यंत तो आंकडा स्तोत्रांतल्या सहस्रनामासारखा राहतो. म्हणावयास गोड, मोजावयास निरुपयोगी. आठ हजार ग्रंथ हा आंकडा लहान नाहीं. चाळींतून आलेल्या, नोकरी व वकिली सांभाळून चळवळ चालविणाऱ्या गृहस्थानें स्वतःच्या कमाईंतून आठ हजार ग्रंथ जमविणें हें, पन्नास हजारांचा ध्वज न फडकवितांही, विस्मयकारकच आहे. भक्तानें आंकडा वाढवून देवाचें कांहीं वाढत नसतें.

कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनें रात्रीं निघालें म्हणजे सकाळीं दादरला उतरतां येतें, आणि पूर्वेकडून कॉलनी पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. झाडांच्या सावलीचे रस्ते, बेताच्या उंचीच्या जुन्या इमारती, जवळच पांच बागा. मुंबईचा हा कोपरा अजूनही आखणाराच्या हातांतला वाटतो. राजगृहाच्या तळमजल्याचा भाग दर्शनार्थ्यांसाठीं ठेवला आहे व वर कुटुंबीयांची वस्ती आहे. छायाचित्रें, वापरांतल्या वस्तु, अस्थि; लोक रांगेनें येतात, वांकतात, पुढें सरकतात. राहत्या घराचा एक भाग परक्यांस कायम मोकळा ठेवणें यांत कुटुंबास किती गैरसोय सोसावी लागते हें ज्यास राहत्या घराची कल्पना आहे त्यास सांगावें लागत नाहीं. पुढील टीका त्यांजवर नाहीं. टीका आहे ती आपण सर्वांनीं या वास्तूकडे पाहण्याच्या रीतीवर.

ही रीति एका वाक्यांत सांगावयाची तर, ग्रंथांच्या घरांत आपण ग्रंथाखेरीज बाकी सर्व पाहतों. संग्रहाचा मोठा भाग १९४६ मध्यें सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत गेला, तेव्हां राजगृहांत तो दिसणार नाहीं हें उघड आहे. तो गेला हेंही योग्यच झालें. विद्यार्थ्यांच्या हातांत जाणें हा ग्रंथाचा धर्म आहे, आणि तें ग्रंथस्वामीच्या हयातींत व त्याच्या इच्छेनें झालें. परंतु गेला कोठें, काय गेलें, कोणत्या कपाटांतून गेलें, हें घर पाहणाऱ्यास कळण्याची सोय पाहिजे. वस्तूंचेंही तसेंच. दिल्लीच्या घरांतील वापराच्या अनेक वस्तु डॉ. सविता आंबेडकर यांनीं दिल्या, त्या पुण्यास सेनापति बापट मार्गावर सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयांत आहेत. म्हणजे घर एकीकडे, ग्रंथ दुसरीकडे, वस्तु तिसरीकडे, आणि या तिघांस जोडणारें दाखलपुस्तक दर्शनार्थ्याच्या पुढें कोठेंच नाहीं. पेशव्यांच्या दप्तरांतील रुमाल निरनिराळ्या गांवीं पांगले तर आपण निदान याद्या तरी करतों.

या पांगण्यानें नुकसान कसलें होतें, तें माझ्या विषयाच्या एका उदाहरणानें सांगतों. शाळेंत असतां संस्कृत घेण्याची इच्छा असूनही शिक्षकाच्या नकारामुळें डॉ. आंबेडकरांस फारसी घ्यावी लागली, ही गोष्ट त्यांनीं स्वतः सांगितलेली आहे. संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास ही हकीकत वाचून स्वस्थ बसवत नाहीं. शिष्याची पात्रता शास्त्रांत पुष्कळ वर्णिली आहे. त्या सर्व लक्षणांनीं युक्त असा शिष्य दारीं आला आणि गुरूनें दार लावलें, असें हें उदाहरण आहे, व त्यांत हानि शिष्यापेक्षां शास्त्राची अधिक झाली. पुढें १९४६ मध्यें शूद्र पूर्वीं कोण होते या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंत, संस्कृतावर प्रभुत्व नसतां हा विषय हातीं घेण्याचा आपला अधिकार कोणता, या आक्षेपाला त्यांनीं स्वतःच उत्तर दिलें आहे. आपण पंधरा वर्षें हें वाङ्मय अभ्यासिलें, तें मुख्यतः इंग्रजी भाषांतरांतून कां होईना, आणि तेवढा अभ्यास या कामास पुरेसा आहे, असा त्या उत्तराचा आशय आहे.

१९४६ मधून पंधरा वजा केले म्हणजे १९३१ येतें. तेंच राजगृहाच्या बांधणीचें साल. १९४२ च्या जुलैमध्यें व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीस गेले, म्हणजे या पंधरा वर्षांतील बहुतेक भाग याच घराच्या वरच्या मजल्यावर गेला. शाळेनें जें दार लावलें तें त्यांनीं येथें भाषांतरांच्या किल्लीनें उघडलें. तेव्हां राजगृहाचा खरा इतिहास म्हणजे त्या पंधरा वर्षांच्या वाचनाचा इतिहास. कोणतीं भाषांतरें त्यांजपाशीं होतीं? ऋग्वेद कोणाच्या भाषांतरांतून वाचला, मनुस्मृति कोणाच्या? खुणा कोठें आहेत, समासांत काय लिहिलें आहे? भाषांतरकाराची चूक त्यांच्या अनुमानांत कोठें उतरली आहे काय, आणि उलट, संस्कृतज्ञांच्या नजरेंतून सुटलेली विसंगति त्यांनीं भाषांतरांतूनही कोठें अचूक हेरली आहे? हे प्रश्न कोणत्याही गंभीर टीकाकारानें विचारावयाचे आहेत. ग्रंथकारास मान देण्याची टीकेची रीति तीच. कोलंबियांतील त्यांचे अध्यापक जॉन ड्यूई यांच्या ग्रंथांच्या त्यांच्या प्रतींवरील खुणा तपासून अलीकडे अभ्यासकांनीं जें लेखन केलें आहे, त्यावरून या पद्धतीचें फळ दिसून आलें आहे. तोच न्याय संस्कृत वाङ्मयाच्या भाषांतरांस लावणें हें विशेषतः आम्हां संस्कृत शिकलेल्यांचें काम होतें. जातिप्रथेच्या उच्छेदावरील १९३६ चें न झालेलें लाहोरचें भाषण याच घराच्या काळांतलें. त्यावर पक्षोपपक्षांच्या पानांमागून पानें लिहिलीं गेलीं, पण तें लिहितांना टेबलावर कोणते ग्रंथ उघडे होते हें विचारणारे थोडे.

घराच्या खालच्या भागाकडे तर त्याहूनही कमी लक्ष जातें. रांगेंत माझ्यापुढें बार्शीकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. बोलण्यावरून मी त्याच भागांतला व मास्तर हें त्यांनीं ओळखलें असावें, कारण सर्व पाहून झाल्यावर त्यांनीं मला विचारलें, “गुरुजी, रमाईची चूल कुठं व्हती म्हनायची?” मला उत्तर देतां आलें नाहीं, देण्याची सोय तेथें नव्हती. प्रश्न मात्र संशोधकाचा होता. रमाबाईंनीं परळच्या दोन खोल्यांत नवऱ्याच्या परदेशवासाचीं वर्षें काढलीं, मुलांचीं मरणें पाहिलीं, आणि स्वतःच्या घरांत आल्यावर दोन-अडीच वर्षांच्या आंत, २७ मे १९३५ रोजीं, त्या येथेंच वारल्या. घराच्या बांधणाऱ्याइतकाच तिच्या कष्टांचा या भिंतींत भाग आहे. तिची खोली कोणती, स्वयंपाकघर कोणतें, आल्यागेल्याची पंगत कोठें बसे, हें आज सांगणारें कोणी असेल तर तें लिहून घेतलें पाहिजे.

रमाबाईंविषयींची जी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे ती आम्हां कुर्डुवाडीकरांस निराळी ऐकूं येते. त्यांना पंढरपुरास जाण्याची ओढ होती. भक्तास देवापासून दूर उभें करणाऱ्या त्या पंढरपुरांत जाऊन काय मिळणार, आपण आपल्या सेवेनें दुसरें पंढरपूर निर्माण करूं, असें डॉ. आंबेडकरांनीं त्यांस समजाविलें. धनंजय कीर यांनीं ही हकीकत आपल्या चरित्रांत दिली आहे, आणि तें चरित्र १९५४ मध्यें, म्हणजे चरित्रनायकाच्या हयातींत, निघालेलें असल्यामुळें तिला आख्यायिकेपेक्षां वरचें स्थान द्यावें लागतें. मुंबईहून पंढरीस निघालेल्या यात्रेकरूनें त्या काळीं कुर्डुवाडीस उतरावें आणि बार्शी लाइट रेल्वेच्या, १९०६ पासून पंढरपुरास जाणाऱ्या, अडीच फुटी रुळांच्या गाडींत बसावें, असा क्रम होता. आषाढीला फलाटावर मुंगीला वाट मिळत नसे. त्या गाडीचें तिकीट कोणासही मिळे; जात विचारली जाई ती रूळ संपल्यावर, देवळाच्या दाराशीं. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्य गणलेल्यांस उघडलें तें १९४७ मध्यें, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. रमाबाईंच्या मृत्यूस तेव्हां बारा वर्षें झालीं होतीं. राजगृहांत ही गोष्ट सांगावयाची तर ती भक्तिकथा म्हणून न सांगतां या तीन सालांसह सांगावी. १९०६, १९३५, १९४७ हीं सालें शेजारीं शेजारीं लिहिलीं तर त्यावर भाष्य करण्याचें कारण उरत नाहीं.

मूळ वास्तु जपण्याविषयीं आपण एकंदरींत किती बेफिकीर आहों हें त्यांच्याच दुसऱ्या दोन घरांवरून दिसतें. दिल्लीस अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या ज्या घरांत ६ डिसेंबर १९५६ रोजीं त्यांचें निधन झालें तें घर राहिलें नाहीं. त्या जागीं राष्ट्रीय स्मारक उभें असून १३ एप्रिल २०१८ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. त्याचा आकार उघडलेल्या पुस्तकाचा आहे. कल्पना सुंदर, बांधणीही भव्य. तथापि पुस्तकाच्या आकाराची इमारत उभारावयास आपणांस द्रव्य व उत्साह दोन्ही मिळतात, आणि पुस्तकांच्या घराची यादी करावयास दोन्ही मिळत नाहींत, हा विरोध मनांत सलतो. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचें दहा क्रमांकाचें घर, जेथें ते १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थी म्हणून राहिले, तें महाराष्ट्र शासनानें २०१५ मध्यें विकत घेऊन संग्रहालय केलें. तो मोहल्ला निवासाचा असल्यामुळें तेथें तक्रारी झाल्या, स्थानिक कौन्सिलनें हरकत घेतली, चौकशी बसली, आणि मार्च २०२० मध्यें ब्रिटिश सरकारनें परवानगी दिली. या चौकशीचा मला हेवा वाटतो. निकाल कसाही लागला असता तरी, घराचें संग्रहालय होतांना शेजार, रहदारी, वास्तूचें जुनेपण व स्मृतीचें मूल्य या सर्वांचा लेखी ऊहापोह तेथें झाला. आपल्याकडे असा ऊहापोह फीत कापल्यानंतरही होत नाहीं.

आतां उलट बाजू. दर्शनाचा हा जो प्रकार मी येथें दोषास्पद ठरवीत आहें, तो या घराला बाहेरून चिकटलेला नाहीं. दिल्लीहून विमानानें आणलेलें पार्थिव याच घरीं आणलें, आणि ७ डिसेंबरला अंत्ययात्रा येथूनच दादरच्या चौपाटीकडे निघाली. ज्या जनसमूहानें त्या दिवशीं हे रस्ते भरून टाकले त्याचेच नातूपणतू आज रांगेंत उभे असतात. म्हणजे राजगृहाच्या इतिहासांत दर्शन हें एक प्रकरणच आहे, त्याला भाविकपणा म्हणून बाजूस सारणारा संशोधक स्वतःच पुरावा टाकून देत असतो. शिवाय भाविक वाचीत नाहींत हा सुशिक्षितांचा समज ज्यास तपासावयाचा असेल त्यानें ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर जावें. लाखों लोक येतात आणि तेथें पुस्तकांचीं दुकानें दाटीनें लागतात. आमच्या जिल्ह्यांतील मजूर माणसें दिवसाची मजुरी बुडवून येतात व परततांना पिशवींत पुस्तक घेऊन येतात, हें कुर्डुवाडीच्या फलाटावर मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे; त्यांतलीं कांहीं पुस्तकें पुढें माझ्या वर्गांतल्या मुलांच्या दप्तरांतही निघालीं. ग्रंथसंमेलनांत चहा पिऊन परतणाऱ्या आम्हां विद्वानांची पिशवी पुष्कळदां इतकी जड नसते. तेव्हां राजगृहांत ग्रंथ दाखविले तर पाहणार कोण, ही सबब चालावयाची नाहीं. पाहणारे उंबऱ्यावर उभे आहेत.

७ जुलै २०२० रोजीं अज्ञात इसमांनीं राजगृहाच्या आवारांत शिरून कुंड्यांची व कॅमेऱ्यांची मोडतोड केली, तेव्हां महाराष्ट्रभर संताप झाला, आणि तो रास्त होता. फुटलेल्या काचेचा पंचनामा होतो. नोंद न होतां विस्मरणांत गेलेल्या खोलीचा, कपाटाचा, ग्रंथक्रमाचा पंचनामा होत नाहीं, आणि त्यासाठीं कोणी निषेधसभाही भरवीत नाहीं.

करावयाचें काम फार खर्चाचें नाहीं. सिद्धार्थ महाविद्यालयांतील मूळ संग्रहाची, ग्रंथाचें नांव, आवृत्ति, खरेदीची नोंद असल्यास ती, सहीचें साल व खुणा यांसह यादी छापावी, आणि तिची एक प्रत राजगृहाच्या दालनांत कोणासही उलगडून पाहतां येईल अशी ठेवावी. १९३३ च्या घराचा मूळ आराखडा मिळवावा. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कारभार त्याच साली महानगरपालिकेकडे गेला, तेव्हां शोध तेथून सुरू करावा. ‘चार मिनार’च्या विक्रीचा कागद दुय्यम निबंधकांच्या दप्तरांत शोधावा. मांडलेल्या प्रत्येक वस्तूखालीं ती याच घरांतली, दिल्लीची, कीं मागाहून भेट आलेली, हें एका ओळींत लिहावें. भेट आलेल्या वस्तूचा त्यांत अपमान नाहीं. ज्या वृद्धांनीं हें घर जुन्या स्थितींत पाहिलें किंवा आईबापांकडून ऐकलें त्यांच्या जबान्या घ्याव्या, आणि त्यांस पहिला प्रश्न बार्शीच्या बाईंचा विचारावा. यादीच्या कामांत संस्कृत व पाली वाङ्मयाच्या भाषांतरांचा भाग तपासण्यास कोणी हवा असल्यास या जिल्ह्यांतील दोघां-तिघां निवृत्त शिक्षकांनीं तयारी दाखविली आहे. प्रस्तुत लेखक त्यांपैकीं एक आहे.